तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांचे बिल्ले माझ्या घरात कसे

महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाहीतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका आमच्या बैठकीतल्या काचेच्या चपट्या पेटीपाशी हमखास थांबतात. आत बोटाच्या पेराएवढी पदकं ओळीने लावलेली आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर रंगीत फितीचा तुकडा. पहिला प्रश्न असतो, "काकू, ही खेळण्यातली का हो?" खरी आहेत म्हटलं की दुसरा येतो, जरा दबक्या आवाजात. "पण इंग्रजांचीच ना? मग आपण ग्वाल्हेरच्या माणसांनी ती कशाला जपायची?"

हा दुसरा प्रश्न मला रास्त वाटतो. हातात वाण आणि दारात चपला, अशा घाईत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

सुरुवात आमच्या महालक्ष्म्यांपासूनच झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी ज्येष्ठेच्या गळ्यात राणीछाप रुपयांचा एक सर घालायची पद्धत होती, आजेसासूबाईंच्या वेळेपासूनची. 1989 च्या भाद्रपदात मी तो रिठ्याच्या पाण्यात धुवायला बसले होते. धुता धुता एक नाणं बोटांना वेगळं लागलं. इतरांपेक्षा पुष्कळ लहान, हलकं, आणि वरच्या बाजूला एक आडवी पट्टी. पुढे व्हिक्टोरियाचा चेहरा होता, पण वर्षानुवर्षं रांगोळीने घासून तिचं नाक पार सपाट झालं होतं. मागे रुपयावर असते तशी वेलबुट्टी नव्हती. शिरस्त्राण घातलेली एक बाई, हातात पानांची माळ पुढे केलेली, पाठीशी सिंह. वर इंग्रजीत 'इंडिया', खाली 1857–1858. ह्यांचं तिकिटं पाहायचं भिंग आणून पट्टीवरची अक्षरं वाचली, 'सेंट्रल इंडिया'.

ते नाणं नव्हतं, पदक होतं. 1857 चा उठाव मोडणाऱ्यांना इंग्रजांनी दिलेल्या पदकाची ती छोटी आवृत्ती. त्या पदकावर पाच वेगवेगळ्या पट्ट्या मिळत. दिल्लीची एक, लखनौच्या तीन, आणि ही पाचवी. जानेवारी ते जून 1858 या काळात इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेबरोबर झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर इथे जे लढले त्यांना ही मिळाली. म्हणजे राणी लक्ष्मीबाईंवर चालून आलेल्यांचं पदक. फुलबागेतली त्यांची समाधी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कोटा की सराईला 17 जूनला जी चकमक झाली, तिच्यातल्या एका धडकेसाठी 8 व्या हुसार या घोडदळाच्या पलटणीतल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. आणि त्याच मोहिमेचं पदक आमच्या घरात देवीच्या गळ्यात, राणीचं चित्र आहे म्हणून रुपयांच्या रांगेत ओवलेलं. कुणीतरी कधीतरी सराफ्यातून चांदीच्या भावाने आणलं असणार.

हे सगळं कळायला मला दोन-तीन महिने लागले. कळल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच्या हाताने सर उसवून त्यांनी ते पदक काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "देवीच्या अंगावर आता नको. पण टाकूही नकोस. इतकी वर्षं तिच्या गळ्यात होतं." त्या दिवसापासून मी ही पदकं जमवते आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. ही खेळण्यातली नाहीत. लष्करी अधिकारी रात्रीच्या मेस डिनरला, म्हणजे पलटणीतल्या औपचारिक जेवणाला, जाई तेव्हा अंगात तोकडं जाकीट असे. त्यावर मोठी पदकं जड होत आणि एकमेकांवर आपटत, म्हणून तीच पदकं निम्म्या आकारात करून लावायची चाल पडली. इंग्रजांचं नेहमीचं गोल पदक 36 मिलिमीटरचं असतं, मिनिएचर साधारण 18 चं. फीतही 32 च्या जागी 16 मिलिमीटरची. मोठं पदक सरकार देई आणि त्याच्या कडेवर बहुधा मिळवणाऱ्याचं नाव, हुद्दा, पलटण कोरलेली असे. मिनिएचर मात्र ज्याने त्याने आपल्या खर्चाने जवाहिऱ्याकडून करून घ्यायचं. त्यावर नाव नाही. त्यामुळे घरातून एकदा बाहेर पडलं की ते कुणाचं, हे कायमचं पुसलं जातं. मोठ्या पदकांचे संग्राहक म्हणूनच याला दुय्यम मानतात. माझं मत वेगळं आहे. हे रोजच्या वापरातलं, जेवणाच्या टेबलाशी बसलेलं पदक आहे, आणि त्या टेबलावर कोण बसत होतं हे त्याच्यातून जितकं कळतं तितकं मोठ्या पदकातून कळत नाही. त्याचं पुढे सांगते.

आधी माझ्या पेटीच्या मधोमध असलेल्या ताऱ्याबद्दल. सहा टोकांचा गडद कांस्याचा तारा, त्याच्या मध्यावर छोटासा चांदीचा तारा, आणि चांदीवर 'महाराजपूर 1843' आणि 29 डिसेंबर ही तारीख. याचं नावच 'ग्वाल्हेर स्टार'. आपल्या गावाच्या नावाचं पदक आहे हे गावातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

1843 मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे, जनकोजीरावांच्या विधवा ताराबाईसाहेबही वयाने लहान, आणि कारभार कुणी करायचा यावरून दरबारात तट पडलेले. ती संधी साधून गव्हर्नर जनरल एलेनबरो फौजेसह चालून आला. 29 डिसेंबरला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. महाराजपूरला सेनापती गफ होता, पनिहारला जनरल ग्रे. दोन्ही आपण हरलो. पण महाराजपूरला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. संगिनी अंगावर आल्या तरी ते तिथेच उभे राहिले. गफचे एका दिवसात सुमारे 800 लोक मेले किंवा जखमी झाले.

त्या लढाईत शिंद्यांच्या 56 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. ग्वाल्हेर स्टार बनवला तो शिंद्यांकडून अशा जिंकलेल्या तोफांच्या धातूचा.

महादजींच्या वेळेपासून ज्या तोफखान्याचा दरारा होता, त्याच्या तोफा वितळवून दोन-दोन इंचांचे तारे केले आणि गोऱ्या सोल्जरांपासून कंपनीच्या देशी शिपायांपर्यंत लढलेल्या सगळ्यांच्या छातीवर लावले. सुरुवातीला फीतसुद्धा नव्हती, मागे अडकवायचा नुसता आकडा होता. पुढे पुष्कळांनी कडी लावून घेतली आणि लाल, पांढरा, पिवळा, पांढरा, निळा असे एकमेकांत विरघळत जाणारे रंग असलेली इंद्रधनुषी रेशमी फीत वापरली. त्या दिवशी छावणीबरोबर हत्तींवर बसून काही मडमाही आल्या होत्या आणि तोफांच्या माऱ्यात सापडल्या होत्या. त्यांच्यासाठी सोन्याचे, मीनाकारी केलेले तारे घडवले. गफच्या पत्नीला एक मिळाला आणि हॅरी स्मिथच्या पत्नीला एक. पुढे जिच्या नावाने दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथ गाव वसलं, तीच ही. हत्तीवरून लढाईत सापडलेल्यांनाही तारा मिळाला. तोफेपाशी मेलेल्या आपल्या गोलंदाजांची नावंसुद्धा कुणी टिपून ठेवली नाहीत.

मूळ तारा मी एकदाच हातात घेतला आहे, पुण्याच्या एका संग्राहकाकडे. मागे वळणदार अक्षरांत एका शिपायाचं नाव आणि 39 वी पलटण. तळहातावर तो थंडगार लागला. मग हळूहळू हाताची ऊब त्यात गेली. मला काही बोलायला सुचेना, आणि त्या गृहस्थांनीही घाई केली नाही. त्या गोलंदाजांच्या हाताखालचा धातू आज हातात धरता येतो तो याच वस्तूत, त्यांना मारणाऱ्याच्या बिल्ल्यात. तो टाकून दिला तर त्यांचं उरलंसुरलंही आपणच टाकलं, असं मला वाटतं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

माझ्या पेटीतला मिनिएचर आहे, त्यामुळे त्याचं कांस्य तोफेचं असेलच असं मी कधी सांगत नाही. जवाहिऱ्याने ते आपल्याकडचं वापरलेलं असू शकतं. हा मला मिळालेला दुसरा तारा. पहिला मी जुना म्हणून दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता, दोन महिन्यांचं पेन्शन घालून. घरी आल्यावर अंधार करून त्यावर अतिनील टॉर्च मारला, तर फितीची शिवण पांढरी-निळी लखलखली. कापड उजळ दिसावं म्हणून धाग्यात जी द्रव्यं घालतात ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. जुनं रेशीम असं चमकत नाही. फीत कुणी नंतर बदललेली असू शकते, म्हणून भिंग लावलं. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर, पृष्ठभागावर बारीक खड्डे, आणि मधला चांदीचा तारा वेगळा बसवलेला नाही, सगळं एकाच साच्यात ओतून वर मुलामा दिलेला. व्यापाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. मी तो ठेवून दिला आहे. नवीन कुणी जमवायला लागलं की दोन्ही तारे शेजारी ठेवून दाखवते. पाच मिनिटांत जे डोळ्यांना कळतं, ते सांगून महिन्यातही कळत नाही.

आता टेबलाची गोष्ट. 1900 साली इंग्रजांची फौज चीनवर गेली तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी आपल्या खर्चाने एक इस्पितळ-जहाज दिलं आणि स्वतःही तिकडे जाऊन आले. त्या मोहिमेचं चांदीचं मिनिएचर माझ्याकडे आहे, लाल फितीला पिवळे काठ असलेलं. पण त्या मोहिमेचं पदक दोन धातूंत निघालं होतं. लढणाऱ्यांना चांदीचं, आणि फौजेबरोबरच्या नोकरमाणसांना, म्हणजे पखालवाले, डोलीवाले, स्वयंपाकी यांना कांस्याचं. 1903-04 च्या तिबेटच्या मोहिमेतही तसंच. कांस्याची मोठी पदकं मी पाहिली आहेत, कडेवरची नावं वाचली आहेत. कांस्याचं जुनं मिनिएचर इतक्या वर्षांत एकदाही माझ्या पाहण्यात आलेलं नाही. येणार कुठून? ज्याने बर्फात पाणी वाहिलं, त्याला मेसमध्ये जेवायला कोण बसवणार होतं? पेटीत चीनच्या पदकाशेजारी मी एक जागा रिकामी सोडली आहे. ती चुकून राहिली असेल म्हणून मुलं दाखवतात. त्यांना मी हे सांगते.

किंमत विचारतात, विकणार का विचारतात. विकणार नाही. परदेशातून विचारणा आली तर एवढंच कळवते की शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते आणि 1972 च्या कायद्याने ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

"परमवीर चक्र आहे का?" हाही प्रश्न असतोच. नाही, आणि मला नकोही आहे. स्वतंत्र भारताची शौर्यपदकं त्या त्या घरात, नाहीतर त्या त्या पलटणीत असावीत असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याच्या घडणीबद्दल सांगायला मला फार आवडतं. ते रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्विस, एका मराठी सेनाधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. कांस्याच्या चकतीवर मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं, दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या त्यांची. 26 जानेवारी 1950 ला ते जाहीर झालं. शत्रूच्या तोफा वितळवून नव्हे, स्वतःची हाडं देऊन घडलेलं शस्त्र त्यांना सुचलं. ग्वाल्हेर स्टार समोर ठेवून हा फरक मी शाळेच्या मुलींना सांगते, तेव्हा माझा आवाज दर वेळी भरून येतो.

महाराजपूरचा तारा झाला, पनिहारच्या लढाईचं नाव असलेला अजून मिळायचा आहे. तो मुळातच कमी दिसतो, कारण तिकडची फौज लहान होती. गेली काही वर्षं 29 डिसेंबरला आम्ही दोघं पनिहारला जातो. बरोबर दशम्या आणि चटणी असते. ह्यांना गुडघ्यामुळे फार चालवत नाही, ते गाडीपाशी थांबतात आणि मी शेतांच्या बांधावरून थोडं पुढे जाऊन येते. यंदा कुणाला यायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे तेवढ्या दशम्या जास्त करीन.