मुरानोचा निळा चषक: फुकट बोटीला भुलू नका

व्हेनिसमध्ये हॉटेलवाल्याने 'मुरानोला', म्हणजे शेजारच्या काचकामाच्या बेटाला, 'फुकट बोट' म्हटलं आणि आम्ही मायलेक भुललो. बोट लागली थेट एका शोरूमच्या धक्क्याला. दहा मिनिटं काच फुंकून दाखवली, पुढचा तासभर झुंबरं. सुटेपर्यंत आईचे पाय बोलायला लागले होते.

तुम्ही व्हेनिसच्या फोन्दामेन्ते नोव्हे धक्क्यावरून ४.१ किंवा ४.२ नंबरची बोट धरा. तिकीट ७५ मिनिटांचं. चढण्याआधी मशीनला टेकवायला विसरू नका. मुरानोच्या पहिल्या थांब्यावर, कोलोन्नाला, सगळी गर्दी उतरते. आपण बसून राहायचं आणि 'म्युझेओ'ला उतरायचं. जुस्तिनियान वाड्यात १८६१ पासून काचेचं संग्रहालय आहे. दुरुस्तीसाठी दालनं बंद असतात अधूनमधून, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघा.

जायचं ते मुख्यतः बारोव्हिएर चषकासाठी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गडद निळी काच, मुरानोचा काचकारागीर आंजेलो बारोव्हिएर याच्या घराण्याच्या नावाने ओळखली जाते. "एवढासाच?" आई म्हणाली. मग वाकली, आणि हलेचना. एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, दोघंही गोल चौकटीत. मध्ये आंतरपाट नाही. एकीकडे घोड्यावरून निघालेल्या बायका, दुसरीकडे कारंज्यात त्यांची आंघोळ! लग्नाचा चषक म्हणतात तो उगाच नाही.

हे रंग नुसते वरून फासलेले नाहीत. रंगीत काचेची पूड कालवून चित्र काढायचं आणि भांडं पुन्हा तापवायचं. आच कमी पडली तर रंग धरत नाही, जास्त झाली तर भांडंच बसतं. भट्ट्यांमुळे शहराला आग लागेल या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसने त्या शहराबाहेर, या बेटावर हलवल्या.

जाळीच्या काचेची भांडीही चुकवू नका. पांढऱ्या रेघांच्या प्रत्येक चौकोनात हवेचा एकेक बुडबुडा अडकवलेला असतो. जवळचा चष्मा न्या. माझा हॉटेलवर राहिला होता, आईचाच आळीपाळीने लावला.

भट्टी नंतर बघा, तीही शक्यतो कामाच्या दिवशी. खरेदी करायचीच असेल तर काच मुरानोचीच असल्याचा 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हा शिक्का बघून घ्या. आईने एकच मणी घेतला, तोही घासाघीस करून.