स्टिकरखालचे 120 व्होल्ट

काकांनी गोणपाटात गुंडाळलेली पेटी काउंटरवर ठेवली आणि ती उघडायच्या आधीच मला वास आला. आर्मेचरचं, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागाचं, वार्निश जळलं की येतो तो, घशाला धरणारा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या एका बोळात 22 वर्षं मी पॉवर टूल दुरुस्त करतोय, त्यामुळे या वासानंतर मशीनमध्ये काय सापडणार हे मला बहुतेक आधीच ठाऊक असतं. पण लाकूड कापायचं हे मशीन नवंकोरं होतं. पेटीवर ओरखडा नाही, ब्लेडवरचा कंपनीचा रंगही तसाच.

"कधी घेतलंत?"

"परवा," सोबतची मुलगी म्हणाली. "काल साइटवर पहिल्यांदाच लावलं, दादा."

"बटान दाबलंय," काका म्हणाले. "मोठ्यान वराडला, आनि धूर इलो."

बापलेक लालबागचे. काकांची चाळीस वर्षं सुतारकामात गेलेली, मुलगी आयटीआय करून वडिलांच्याच धंद्यात उतरलेली. दादरला एका फ्लॅटमध्ये भिंतभर वॉर्डरोबचं काम घेतलं होतं, 19 मिलिमीटरचा प्लाय आणि त्यावर सागाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. गणपतीच्या आत काम पुरं करून द्यायचं होतं. साध्या हातकटरनं व्हिनिअर कापलं की कडेला कपच्या उडतात आणि मग त्या लपवायला पट्ट्या माराव्या लागतात. म्हणून मुलीनं भिशीचे पैसे घालून एका नावाजलेल्या युरोपीय कंपनीचा प्लंज सॉ, म्हणजे ब्लेड वरून लाकडात उतरवायची विजेवरची करवत, घेतला होता. हा रेलवर सरकतो. रेलच्या कडेची रबरी पट्टी व्हिनिअरला ब्लेडच्या अगदी लगत दाबून धरते, त्यामुळे कपच्या उडत नाहीत. रेलसकट साठ हजारांच्या घरातली ही वस्तू त्यांना 43,000 ला मिळाली होती.

मी मशीन हातात घेऊन फिरवलं. मोटारीच्या बाजूला, जिथे नेमप्लेट असते बरोबर तिथे, एक सोनेरी स्टिकर होतं: डीलरचं नाव आणि खाली '1 वर्ष वॉरंटी'. वायरच्या टोकाला आपल्याकडचा तीन पिनांचा प्लग. तो खोलून पाहिला तर आत दोनच तारा, अर्थची पिन रिकामी. आता यात एकट्यात काही वावगं नाही. अशा मशीनना दुहेरी इन्सुलेशन असतं, चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना अर्थची तार लागतच नाही. पण कंपनी अशा मशीनला तीन पिनांचा, स्क्रू पिळून बसवलेला लोकल प्लग लावून देत नाही. मूळचा प्लग कुणीतरी कापून काढला होता.

हॉट एअर गन मंद करून स्टिकरवर धरली. कड उचलली गेल्यावर नखानं हळूहळू सोडवलं. खाली छापलं होतं: 120 V~ 60 Hz.

मुलगी वाकून बघत होती. तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही, आयटीआयत शिकलेली पोर. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ह्ये अमेरिकेचा आसा."

काका समजून घ्यायला थांबले, म्हणून त्यांना सांगितलं. आपल्या भिंतीतून येतात 230 व्होल्ट. हे मशीन बनवलंय 120 साठी. 60 हर्ट्झ आणि 50 हर्ट्झचं कार्बनवाल्या मोटारीला फारसं वाटत नाही, पण व्होल्टेज जवळजवळ दुप्पट झालं की मोटार बेफाम पळते, करंटही भलता वाढतो आणि वायंडिंग काही क्षणांत तापून जळतं. ते मोठ्यानं वराडणं म्हणजे तेच. काकांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. ते रात्रभर झोपले नव्हते, आपणच काहीतरी वेडंवाकडं दाबलं असं समजून.

मोटार उघडली. कार्बन ज्यावर घासतात त्या कम्युटेटरची तांब्याची पानं काळी पडलेली, कार्बनच्या स्प्रिंगा निळ्या होऊन मऊ पडलेल्या. भोवतालची स्थिर फील्ड कॉइलही गेली होती. आर्मेचर नि फील्ड इथे 230 वर रिवाइंड करून देणारे कारागीर आहेत, मी स्वतः करून घेतो. पण या मशीनमध्ये मोटार हळू उठवणारं आणि वेग सांभाळणारं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, तेही जळालं होतं. 120 व्होल्टचं ते कार्ड इथे मिळत नाही आणि 230 चं या बॉडीत बसवायच्या जुगाडाची हमी मी देऊ शकत नाही. मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेणारं ब्लेड आहे ते. त्यांना सांगितलं, हे मी करणार नाही.

आता जे लिहितोय ते लिहिताना मला जड जातंय. स्टिकरवरचं नाव माझ्या ओळखीचं होतं. उपनगरात काचेचं शोरूम, मोबाइलवर रोज नव्या मशीनचे व्हिडिओ. त्याच्याकडून महिन्याला सहा-सात मशीन माझ्याकडे दुरुस्तीला येत. त्यातल्या दोनांवर असाच बदललेला प्लग मी आधी पाहिला होता. विचारलं तेव्हा "कस्टमरनं बाहेरून आणलंय" असं उत्तर आलं, आणि मी पुढे विचारलं नाही. काम मिळत होतं.

काकांसमोरच त्याला फोन लावला.

"ते 110 वालं आहे, ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचं असतं. सांगितलं होतं त्यांना."

"मग नेमप्लेटवर स्टिकर का मारलंस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू बनवून दे ना. बिल मला पाठव. त्यांना उगाच काही बोलू नकोस."

फोन स्पीकरवर होता. ते दोघंही ऐकत होते.

मुलीनं पर्समधून बिल काढलं. पॅडचं पान, त्यावर पेननं 'प्लंज सॉ 1 नग, 43,000'. जीएसटी नंबर नाही, मशीनचा सिरियल नंबर नाही. "पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर लागतील म्हणाला," ती म्हणाली. हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. जो हे म्हणतो तो खरं तर सांगत असतो की हा माल माझ्याकडून गेला याचा पुरावा मी तुला देणार नाही. कंपनीच्या वॉरंटीला सिरियल नंबर आणि पक्कं बिल लागतं. ज्याचा धंदा जीएसटीत नोंदलेला आहे त्याला तो 18 टक्क्यांचा कर पुढे वजाही मिळतो. म्हणजे कच्च्या बिलात वाचले असं वाटणारे पैसे बहुतेक वेळा वाचलेलेच नसतात.

खोकाही तपासला. परदेशी माल इथे रीतसर आला की खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, देश, सर्व करांसहित एमआरपी असं लेबल लावावंच लागतं, तसा कायदा आहे. इथे ते नव्हतंच. मशीन विकत घेताना लोक मोटारीचे वॅट विचारतात, ब्लेड किती इंची ते विचारतात, पण खोक्याची ती बाजू कुणी उलटवून बघत नाही.

काका उठायला लागले. "चल गो," म्हणाले. मला ते तसं बघवेना. शटर अर्धं ओढलं आणि त्यांना घेऊन नागदेवीवरच्या एका जुन्या पेढीवर गेलो. पाऊस उघडला होता, हातगाड्यांनी रस्ता अडलेला, बेअरिंगच्या पेट्या डोक्यावर घेतलेले माथाडी 'बाजू, बाजू' करत जात होते.

या पेढीचे शेठ सत्तरीचे आहेत. माझ्या वडिलांपासूनची ओळख. त्यांचा स्वभाव गोड नाही, गिऱ्हाइकाला बसायलाही सांगत नाहीत. पण त्यांच्या काउंटरमागे लाकडी खणांची भिंत आहे, आणि त्या खणांत दहा-बारा वर्षांपूर्वी विकलेल्या मशीनचेही कार्बन, स्विच, बेल्ट असतात. डीलर पाहायला जावं तर मी आधी हे खण पाहतो. शोरूम कर्ज काढून कुणीही उभारील. विकलेल्या मशीनचं स्पेअर वर्षानुवर्षं अडकवून ठेवायला मात्र गिऱ्हाईक परत येणार आहे याची खात्री लागते, आणि ते आलं तर त्याच्यासमोर उभं राहायची तयारी लागते. ते कार्बनसुद्धा कंपनीचेच ठेवतात, ऑटो-स्टॉपवाले. झिजले की आतली पिन बाहेर येते आणि मशीन आपोआप थांबतं, कम्युटेटरला चरा पडत नाही. बाजारात त्याच मापाचे कार्बन चौथाई भावात मिळतात, त्यात ती पिन नसते. त्यांच्यामुळे खराब झालेली किती आर्मेचरं मी बदलली असतील!

शेठनी जळकं मशीन पाहिलं, नेमप्लेट वाचली, काही बोलले नाहीत. मुलीला विचारलं, "काय कापता?"

तिनं सांगितलं.

"रोज किती?"

"काम असलं की दहा-बारा शीट. नाहीतर नाही."

"घरात बसून कापता की साइटवर? धूळ कुठे जाते?"

धुळीचं कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. शेठ काकांकडे बघून म्हणाले, "खोकता का?" काका हसले नाहीत. खोकत होतेच. लाकडाच्या धुळीनं माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 मध्येच पक्कं म्हटलंय. आमच्याकडे अजून तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या शीट, कापतात. शेठनी सांगितलं, एवढं महागाचं मशीन घेताय तर त्याच्या नळीला जोडायचा व्हॅक्यूम आधी धरा, नाहीतर मशीन साधं घ्या आणि उरलेल्या पैशात व्हॅक्यूम घ्या. एका जपानी कंपनीचं मॉडेल त्यांनी पुढे ठेवलं, आधीच्यापेक्षा बरंच स्वस्त. मकिता. नागोयात 1915 साली ही कंपनी सुरू झाली ती विजेच्या मोटारी विकणं आणि दुरुस्त करणं या कामानं, त्यामुळे तिच्याबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे, ते सोडा. महत्त्वाचं हे की शेठ दुकानदार असून मोठ्या विक्रीवर पाणी सोडत होते.

मशीन काउंटरवर खोललं. पेटीवरचं आयातीचं लेबल दाखवलं. नेमप्लेट मुलीला मोठ्यानं वाचायला लावली. मग मागच्या खोलीत स्वतःच्या डेमोच्या मशीनवर व्हिनिअरचा एक तुकडा तिलाच कापायला दिला. तिनं कड अंगठ्यानं चाचपली. अंगठा दोनदा, तीनदा फिरवला. काकांनी तो तुकडा घेऊन उजेडात डोळ्याजवळ धरला आणि एक डोळा मिटून कडेवरून पाहिलं, रंधा मारलेली फळी बघतात तसं.

"नवीन रेलची रबरी पट्टी इथे कापायची नाही," शेठ म्हणाले. "तुमच्या मशीनला तुमचं ब्लेड लावून पहिला कट तुम्हीच घ्यायचा. पट्टी त्या ब्लेडच्या मापाची होते. दुसऱ्याच्या मशीननं कापलीत तर फट राहील." आणि ब्लेड बदलाल तेव्हा जाडी बघून बदला, हेही सांगितलं. ज्या सॉमध्ये ब्लेडच्या मागे पोलादी पात उभी असते, त्यात ती कापाच्या रुंदीपेक्षा बारीक असावी लागते. बारीक कापाचं स्वस्त ब्लेड लावलंत तर तीच पात लाकडात अडकते आणि मशीन मागे उसळतं.

बापलेकीकडे त्या दिवशी पैसे नव्हते. शेठनी डेमोचं मशीन रेलसकट आठ दिवसांसाठी दिलं. वहीत नाव, पत्ता, सिरियल नंबर लिहिला, काकांची सही घेतली. भाडं घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "सांभाळून वापरा, विकायचं नाही मला ते, पण दाखवायचं असतं."

वॉर्डरोब गणपतीच्या आत उभा राहिला.

पैशांचं मात्र अर्धवटच झालं. 20,000 मुलीनं यूपीआयनं दिले होते, 23,000 रोख. त्या डीलरनं आधी उडवून लावलं. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही' असंही सांगून पाहिलं. हे खरं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या हातानं काम करून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली तर तो माणूस ग्राहकच. मुलीनं 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नेमप्लेटचा आणि स्टिकरचा फोटो, मशीनमध्ये काय जळालं याचं माझ्या सहीचं पत्र, व्हॉट्सअॅपवरचं त्याचं 'ओरिजिनल पीस, 230 चालेल' हे उत्तर, सगळं जोडलं. तीन आठवड्यांनी यूपीआयचे 20,000 परत आले. रोखीचे आलेच नाहीत. पुढे ग्राहक आयोगात जा म्हणून मी सांगितलं, काका नको म्हणाले. कामं सोडून खेपा घालणं त्यांना परवडणारं नव्हतं.

त्या महिन्यापासून त्या डीलरकडची मशीन माझ्याकडे यायची बंद झाली. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, दोन प्लग बघितलेस तेव्हाच बंद व्हायला हवी होती. ते माझ्या मनातून जात नाही. त्या दोन मशीनचे मालक कोण होते, त्यांचं पुढे काय झालं, मी कधी विचारलंच नाही.

आता जॉब कार्डावर मी दोन रकाने वाढवलेत. एकात नेमप्लेटवरचं व्होल्टेज, दुसऱ्यात बिल पक्कं की कच्चं. दुरुस्तीला आलेल्या मशीनची प्लेट मी गिऱ्हाइकासमोर वाचतो आणि त्यालाही वाचायला लावतो. काहींना राग येतो, काही जण घाईत असतात, तरी वाचतो.

दिवाळीच्या आधी ती मुलगी एकटीच आली. शेठकडून मशीन आणि व्हॅक्यूम घेऊन, टॅक्सी खाली थांबवून वर आली होती. खोका काउंटरवर ठेवला, पक्कं बिल त्यावर ठेवलं.

"दादा, प्लेट वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचली. 220 ते 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. खालचा सिरियल नंबर तिनं बिलावरच्या नंबराशी बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला, आणि खोका बंद केला.