भोजबासाचा बर्फ गाळताना

उत्तरकाशीच्या अलीकडेच डोळे चुरचुरायला लागले. मे २०२४चा पहिला आठवडा होता आणि समोरच्या उतारावर चीडाचं, म्हणजे तिथल्या पाइनचं, जंगल जळत होतं. चीडाच्या वाळलेल्या पानांना तिथे पिरूल म्हणतात. ते पेटलं की आग जमिनीलगत सरसर पसरते. साताऱ्याकडचे गवताचे वणवे मी लहानपणापासून पाहिलेत, पण हा राळेच्या वासाचा दाट धूर वेगळाच. आम्ही चाललो होतो गंगोत्री हिमनदीच्या तोंडाशी, गोमुखला, जाणाऱ्या वाटेवर भोजबासाला, सुमारे ३,८०० मीटरवर, बर्फातली काजळी मोजण्यासाठी नमुने आणायला. वन खात्याची परवानगी मिळेपर्यंत हिवाळा सरला होता.

नमुना घेणं दिसायला सोपं. वाऱ्याकडे तोंड करायचं, हातमोजे घालायचे, वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर पिशवीत भरायचा. तरी माझा पहिला नमुना मला फेकून द्यावा लागला. दुपारी सामान वाहणाऱ्या भैयांनी खाली तंबूपाशी चहासाठी स्टोव्ह पेटवला आणि धूर सरळ माझ्यापर्यंत चढत आला. वणव्याचा धूरही वर येतो तो असाच. ऊन चढलं की उतार तापतात आणि हवा दरीतून वर सरकते. रात्री गार होऊन ती परत खाली उतरते. म्हणून पुढचे सगळे नमुने आम्ही पहाटे, हिमनदीकडून वारा उतरत असताना घेतले. चहा नंतर.

याच वाटेवर चीडबासाला डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हवेतली काजळी मोजली होती. सर्वात जास्त मे महिन्यात, सर्वात कमी ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. उन्हाळ्यात काजळी येते ती वणव्यांतून आणि शेतातल्या जाळपोळीतून, हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर. ताजा बर्फ बहुतेक ऊन परतवतो, पण त्यावर काजळी बसली की तो ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. आणि त्याच बर्फाचं पाणी खाली भागीरथीला मिळतं.

गाळणं मात्र जिकिरीचं. बर्फ आगीवर वितळवायचा नाही. बंद बाटली कोमट पाण्यात धरायची, मग हातपंपाने ते पाणी क्वार्ट्झच्या फिल्टरमधून ओढायचं. बोटं बधिर व्हायची. रात्री भुरभुरलेल्या बर्फाचा फिल्टर जवळजवळ पांढरा निघाला, जुन्या थराचा राखाडी-तपकिरी. पण रंगावर विसंबता येत नाही, त्यात मातीही असते. प्रयोगशाळेत फिल्टर आधी हेलियममध्ये तापवतात, मग ऑक्सिजन देतात. जे तेव्हा जळतं, ती काजळी.

एक फिल्टर मी मुद्दाम कोरा ठेवला होता, त्यातून फक्त शुद्ध पाणी गाळलेलं. आमच्याच हातून काजळी लागली असती, तर ती त्यावर दिसली असती. प्रयोगशाळेत सर्वात आधी तो तपासला. त्यावर जवळपास काहीच नव्हतं. जुन्या थराच्या फिल्टरवर होतं.