घरात सिलिंडर, स्वयंपाक पऱ्हाटीवर: गावात गरिबी मोजायला शिकताना

विकासाच्या अभ्यासाची पद्धत शिकायला मी बहुआयामी गरिबी निर्देशांकापासून सुरुवात केली. २०१० साली ऑक्सफर्डचे संशोधक आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी तो आणला. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी १/३ वजन. शिक्षणाचे निर्देशक दोन, म्हणून एकेकाला १/६. राहणीमानाचे सहा, म्हणून १/१८. वंचिततेची बेरीज १/३ किंवा जास्त झाली की कुटुंब गरीब.

हे कागदावर सोपं वाटतं. आता यवतमाळकडचं एक घर घ्या. घरात कुणीच सहा वर्षं शाळा पूर्ण केलेली नाही: १/६, म्हणजे ३/१८. जमीन शेणाने सारवलेली: १/१८. संडास शेजाऱ्यासोबत सामाईक: १/१८, कारण सामाईक संडास असलेलं घरही वंचितच धरतात. झाले ५/१८. आता इंधन. "गॅस आहे का?" विचारलं तर "हो". सिलिंडर खरंच कोपऱ्यात असतं, वर कापड घालून. घर गरिबीतून बाहेर! पण निर्देशक विचारतो मुख्य इंधन. "काकू, काल सांजचा सयपाक कायवर केला? परवा?" असं विचारलं की पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) निघते, बेरीज ६/१८ होते आणि तेच घर गरिबांत येतं. एका प्रश्नाच्या शब्दांवर एवढं अवलंबून असतं, म्हणून प्रश्नावली सर्वेक्षणाच्या नमुन्यात नसलेल्या दोन गावांत आधी चालवून बघावी.

दुसरी अडचण घरं निवडायच्या यादीची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीची यादी. तिच्यात घरं असतात, कुटुंबं नाहीत. सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका घरक्रमांकावर दोन भावांच्या दोन चुली असतात, आणि गावाबाहेरची कोलाम आदिवासींची वस्ती (पोड) किंवा पारध्यांची वस्ती (बेडा) यादीतून सुटते. नेमकी गरिबीच सुटते! म्हणून मी आधी चौकात गावकऱ्यांकडून जमिनीवर नकाशा काढून घेतो, मग फिरून चुली मोजतो. ३१२ चुली आणि २४ हव्या असतील तर अंतर १३. १ ते १३ मधून चिठ्ठीने ७ निघाला की ७, २०, ३३ असं ३०६ पर्यंत. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. कुलूप बहुधा मजुरीला गेलेल्यांचंच असतं. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतरच माणूस भेटतो.

नमुना किती घरांचा? गरिबांची टक्केवारी ५० धरून, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक चालणार असेल तर ३८४. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, पाऊस-पाणी-माती सगळं एकच. म्हणून दीडपट केलं: ५७६, म्हणजे २४ गावांत २४ घरं. गावं कुटुंबसंख्येच्या प्रमाणात निवडायची, तरच प्रत्येक घराला जवळपास सारखी संधी मिळते. हे दीडपटीचं कलम नवशिक्या अहवालांत हमखास गायब असतं.

आठवण हा सगळ्यात चिवट भाग. "वर्षभरात कापूस किती?" याला गोल उत्तर येतं: वीस क्विंटल. सीतादहीपासून (पहिली वेचणी) उलंगवाडीपर्यंत (शेवटची वेचणी) वेचा-वेचा विचारावं: पहिल्याला किती, कुणाला विकला, भाव काय. तारखांपेक्षा पोळा, दिवाळी, पाडवा हे खुंटे पक्के. "शेती किती?" म्हटलं की सातबारावरचा आकडा येतो, मक्त्याने (भाड्याने) घेतलेली आणि दिलेली वेगळी विचारावी लागते. कर्जाचंही तसंच. "कर्ज आहे का?" म्हणजे लोक बँकच समजतात. सोसायटी, बचत गट, कृषी केंद्राची उधारी, गहाण सोनं असं एकेक नाव घ्यावं.

मोबाइलवर फॉर्म भरायला कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन नेटवर्क नसतानाही चालतं. त्यात पेऱ्याच्या एकरांना मर्यादा लावा, नाहीतर ५ चे ५५ होतात. दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाने दोन-तीन दिवसांत परत जावं आणि न बदलणारे तीनच प्रश्न विचारावेत: चुलीवर जेवणारे किती, छपराला काय, पाणी कुठून. उत्तरं जुळली नाहीत तर त्या प्रश्नकर्त्याचे त्या गावातले सगळे फॉर्म पुन्हा.