पाटीमागची वही

प्राणिसंग्रहालयात दोन-चार वर्षांनी पुन्हा गेलेला माणूस प्राणी बघण्याआधी हजेरी घेतो. 'इथं अस्वल होतं ना?' 'तो तरस कुठं गेला?' नाशिककराला ही हजेरी घ्यायला गाव सोडावं लागतं, कारण मुंबई-पुण्यासारखं प्राणिसंग्रहालय आपल्याकडे नाही. राणीची बाग, कात्रज, नाहीतर संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान. तिथं ओळखीची पाटी उतरलेली दिसली की कुटुंबातला जाणता माणूस दोनपैकी एक निकाल देतो: प्राणी मेला, नाहीतर कुणीतरी पैसे खाल्ले. दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत, पण पाटी उतरण्याचं कारण बऱ्याचदा खूप आधीचं असतं आणि ते कचेरीतल्या एका वहीत लिहिलेलं असतं.

या वहीची रचना किराणा दुकानदारालाही लगेच समजेल अशी आहे. सुरुवातीचा साठा, जन्म, आवक, जावक, मृत्यू, अखेरचा साठा. प्रत्येक रकान्यात तीन आकडे. ३:४:१ म्हणजे तीन नर, चार माद्या आणि एक असा, की ज्याचं नर-मादी अजून ठरलेलं नाही. पिल्लं, साप, कासवं आणि बरेचसे पक्षी या तिसऱ्या आकड्यात बसतात. वाचायला शिकलं की हे आकडे बोलू लागतात. ०:१:० दिसलं, की ती जात त्या ठिकाणी संपलेली आहे. मादी अजून दहा वर्षं जगेल, पाटीही राहील, शाळेच्या सहली तिच्यासमोर उभ्या राहतील, पण पुढं काही नाही. ०:३:० असेल तर नर आणावा लागेल. ६:१:० असेल तर आणखी वाईट, कारण सहा नर एका मादीमागे लागले की एक तरी जखमी होणारच.

नर आणायचा म्हणजे बाजारात जायचं नसतं. १९९१ च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयांचं प्रकरण आलं आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण उभं राहिलं. तेव्हापासून मान्यताप्राप्त संग्रहालयांनी आपसांत अदलाबदल करायची, तीही प्राधिकरणाची आगाऊ परवानगी घेऊन. तुमच्याकडे जास्तीचं काय आणि समोरच्याला हवं काय, हे जुळलं पाहिजे. आणि जास्तीचं म्हणून प्रत्येकाकडे चितळच असतात, म्हणून घोडं अडतं.

चितळाचा हिशोब करून बघा. एक नर, पाच माद्या. गर्भ साधारण साडेसात-आठ महिन्यांचा, ठरावीक हंगाम नाही, आणि पाडस मादी दीड वर्षाच्या आत स्वतः गाभण राहू शकते. मर कमी असेल तर सहा-सात वर्षांत कळप पन्नाशीपाशी जातो. जागा तेवढीच राहते. गवत खुरांखाली संपतं, जंत वाढतात, शिंगं आलेले नर एकमेकांना भोसकतात. मग नर वेगळे करायचे. पण चितळ धरणं हेच मोठं जोखमीचं काम. पळवून, जाळ्यात गुंतवून धरलं तर स्नायूंची झीज होते आणि वरवर ठणठणीत दिसणारा प्राणी काही तासांनी किंवा चार दिवसांनी मरतो. म्हणून बोमा पद्धत वापरतात: कापडाच्या किंवा हिरव्या जाळीच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या, निमुळत्या टोकाशी गाडी लावलेली. आत आठवडाभर चारा टाकत राहायचं आणि कळपाला आपल्या पायानं चालत जाऊ द्यायचं. घाई करणाऱ्यांसाठी ही पद्धत नाही. मे महिन्यात तर मुळीच नाही.

खूर असलेल्या जनावरांचा दुसरा वैरी लाळ्या-खुरकूत. विषाणू चाऱ्याबरोबर येतो, मजुराच्या बुटाला लागून येतो, कुंपणालगत चरणाऱ्या गावच्या जनावरांकडून येतो. गाईला लस टोचणं सोपं, दोघांनी धरली की झालं. पन्नास चितळांना टोचायची तर पुन्हा धरणं आलं. त्यामुळे शहाणं संग्रहालय भिंतीबाहेरच्या गोठ्यांचं लसीकरण वेळेवर होतंय ना, यावर डोळा ठेवतं, आणि चारा कुठून येतो ते विचारतं. रोगानं एका आठवड्यात 'मृत्यू'चा रकाना भरून टाकला, की पाटी उतरते.

आवक झालेला प्राणी लगेच लोकांसमोर येत नाही. आधी तो जिथून येणार, तिथं त्याला प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावायची असते. पिंजरा रात्रीच्या खोलीच्या दाराला जोडून उघडा ठेवतात आणि खाणं आतच देतात. चार दिवसांत जाणारा जातो, काही महिनाभर हटत नाहीत. गुंगीचं इंजेक्शन देऊन कोंबणं हा शेवटचा उपाय, कारण गुंगीतल्या प्राण्याला अंगाची उष्णता सांभाळता येत नाही आणि चालत्या ट्रकमध्ये त्याचा श्वास कोंडला तर कुणाला कळतही नाही. प्रवास शक्यतो थंडीत आणि रात्रीचा. पोचल्यावर किमान तीस दिवस विलगीकरण: विष्ठेच्या तपासण्या, जंतांचं औषध, वेगळी भांडी, वेगळा झाडू. माणूस वेगळा परवडत नसेल, तर त्याच माणसानं तिथलं काम दिवसात सर्वांत शेवटी करायचं. वर्तमानपत्रात 'नवा पाहुणा दाखल' छापून आल्यावर महिनाभर पाहुणा का दिसत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

काही नावं तर ठरवून मिटवली गेली. २००९ साली प्राधिकरणानं प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवायचे नाहीत असं ठरवलं, आणि एक आख्खी पिढी बऱ्याच बागांतून हत्ती न बघता घरी जाऊ लागली. हत्तीला रोज मैलोगणती चालायचं असतं आणि त्याच्या पायातली साखळी बहुतेक बागांत सुटत नव्हती, तेव्हा या निर्णयाबद्दल हळहळ वाटण्याचं कारण नाही. आफ्रिकी आणि आशियाई सिंहांच्या संकराचंही तसंच झालं. सर्कशीतल्या आफ्रिकी रक्ताची गिरच्या सिंहांशी सरमिसळ झाली होती. ती उघडकीला आल्यावर त्या सिंहांची पैदास थांबवली आणि असलेले सिंह म्हातारे होऊन जाईपर्यंत सांभाळले. पांढऱ्या वाघाचा मोह मात्र सुटत नाही. १९५१ साली रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एका बछड्यापासून आपल्याकडचा हा वंश मुख्यतः चालत आला. पांढरा रंग टिकवायचा तर जवळच्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात, आणि मग तिरळेपणासारखे दोष साठत जातात. पैदासीला प्राधिकरणाचं प्रोत्साहन नाही. तिकीटखिडकीचं आहे.

एवढं झालं पुढच्या दारानं येण्या-जाण्याचं. यादी खरी बदलते ती मागच्या दारानं, आणि या बाबतीत नाशिक जिल्हा प्राणिसंग्रहालय नसूनही फार उदार आहे.

संक्रांतीला येवल्याचं आकाश पतंगांनी भरतं. नायलॉन मांजानं घारींचे, घुबडांचे, बगळ्यांचे पंख कापले जातात. कातडी फाटली तर टाके घालून पक्षी उडतो. सांध्याजवळचा स्नायुबंध तुटला तर पंख मिटतो पण पुरता उघडत नाही. अशी घार पुन्हा सोडणं म्हणजे तिला कुत्र्यापुढं टाकणं. ती आयुष्यभर कुणीतरी सांभाळायची असते, आणि कुठल्या तरी वहीत आवकेच्या रकान्यात ०:०:१ पडतं. मांडुळाचं आणखी विचित्र. गुप्तधनाच्या आणि करोडोंच्या अफवांपायी हा निरुपद्रवी साप विकला जातो, धाडीत सापडतो आणि मुद्देमाल होतो. मुद्देमाल कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. साक्षीदारापेक्षा साप जास्त वेळा हजर! तोवर त्याला मऊ माती, उंदीर आणि कुणाची तरी देखरेख लागते.

पण आवकेचा राजा बिबट्या. निफाड-सिन्नरच्या उसात तो जन्मतो, वाढतो, गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत येतो. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात. ही बछडी उचलून संग्रहालयात नेणं ही सर्वांत मोठी चूक. त्यांना तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं दूर होतात. आई येते आणि एकेक मानेला धरून नेते. जमलं तर वहीत काहीच लिहावं लागत नाही. घाईनं, वासाची सरमिसळ करून, भलत्या शेतात ठेवून केलं तर फसतं, आणि मग वीसेक वर्षांचा खर्च पदरी पडतो. मोठा बिबट्या पिंजऱ्यात सापडला की गजांवर तोंड आपटतो, सुळे तुटतात. म्हणून अडकल्याबरोबर पिंजऱ्यावर जाड कापड टाकायचं आणि गर्दी हाकलायची. बघ्यांनी मोबाइल काढून केलेलं नुकसान पशुवैद्याला भरून काढता येत नाही, कारण तुटलेल्या सुळ्यांच्या बिबट्याला शिकार जमत नाही. असा बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्रासारख्या ठिकाणी कायमचा राहतो.

खर्चाचं बघू. मोठ्या बिबट्याला दिवसाला तीन-चार किलो मांस, आठवड्यातून एक दिवस उपास. वर्षाला टनभर. नियमाप्रमाणे वाघाच्या जोडीला किमान १००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे मोकळी जागा लागते, बिबट्याच्या जोडीला निम्मी. ऐकायला स्वस्त वाटतं. पण वाघाला खंदक आणि उंच भिंत पुरते. बिबट्या झाडावरून भिंत ओलांडतो, म्हणून त्याला वरूनही जाळी लागते किंवा झाडांना पत्रे ठोकावे लागतात. लांडग्याचं उलटं, तो खालून उकरतो. त्याची जाळी जमिनीत खोल गाडली नाही तर पहिल्या पावसाळ्यात पाटी राहील, लांडगा नाही. शिवाय जंगली पकडलेला बिबट्या दिवसभर लपून बसतो. लोक जाळीवर टकटक करतात, खडे मारतात आणि 'इथं काहीच नाही' म्हणून पुढं जातात. त्यामुळे कोणतंही संग्रहालय फुकट दिलेला बिबट्या घ्यायला उत्सुक नसतं. वह्यांमध्ये त्यांचे रकाने आधीच भरलेले आहेत.

नाशिकला कधी संग्रहालय झालंच, तर पहिली मागणी वाघाची होईल आणि दुसरी पेंग्विनची. राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हापासून प्रत्येक नगरसेवकाच्या मनात एक पेंग्विन आहे. त्याला बारा महिने १६ ते १८ अंशांची हवा लागते. वीज गेली की जनरेटर, जनरेटर बिघडला की दुसरा जनरेटर. इथं त्यापेक्षा गिधाड शोभेल. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत, हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागा गावानं चालवली आहे. काळविटांसाठी येवल्याचं ममदापूर आहेच, त्यांना पिंजऱ्यात आणायची गरज नाही.

गिधाडाला लागतं काय? पंख पसरून थोडं तरी उडता येईल एवढा लांब पिंजरा, कड्यासारखे कट्टे, अंघोळीला हौद आणि बिनविषारी मांस. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी केली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण औषध दुकानातून पुरतं गेलं नाही. म्हणून बकरे आणून किमान आठवडाभर बांधून ठेवायचे, अंगातलं औषध उतरू द्यायचं, आणि मग कापायचे. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी आळीपाळीनं पन्नासेक दिवस उबवतात. पहिलं अंडं लवकर काढून यंत्रात उबवलं तर काही जोड्या दुसरं घालतात, पण यंत्रातली आर्द्रता थोडी चुकली की पिल्लू कवचातच मरतं. पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडं घालायला पाच वर्षं. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे रक्ताची तपासणी होईपर्यंत वहीत सगळे तिसऱ्या आकड्यात. त्या काळात उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी 'यातला नर कुठला?' असं विचारलं, तर संचालकांनी रकान्याकडे बोट दाखवावं.