तुम्ही विचारलंत म्हणून : टायटॅनियमची तलवार

‘टायटॅनियमची तलवार करून देता का? आणि ती पोलादाच्या तलवारीपेक्षा चांगली ना?’ वाळूजच्या माझ्या वर्कशॉपात हा प्रश्न हल्ली दर सणाला येतो, शिवजयंतीच्या आधी तर जास्तच. मोबाइलच्या जाहिरातींनी या धातूचं नाव घरोघरी नेलंय. मर्दानी खेळाच्या एका पथकातला पोरगा तर म्हणाला, “मामा, मोबाइललाबी टायटॅनियम यायलंय, मग तलवारीला का नाही?” म्हणून सविस्तर सांगतो.

करून देतो. चांगली का, ते तुम्ही तिचं काय करणार यावर आहे. कापायला हवी असेल तर नाही. फिरवायला हवी असेल तर होऊ शकते, तोल जमवला तर.

धारेचं आधी उरकतो. बाजारात टायटॅनियम म्हणून जे मिळतं ते बहुतेक ग्रेड ५ असतं, म्हणजे टायटॅनियममध्ये साधारण ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. विमानाचे भाग आणि हाडात बसवायचे रॉड याचेच करतात. रॉकवेल सी मापावर त्याची कठीणता ३६च्या आसपास. तलवारीच्या पोलादाला नीट पाणी दिलं की ते ५०च्या पुढे जातं. टायटॅनियमवर उष्णतेची प्रक्रिया करून कठीणता थोडी वाढते, पण पोलादाची बरोबरी होत नाही. धार लागते, टिकत नाही. नांदेडच्या पलीकडे, तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथल्या मुशीतल्या पोलादासाठी एकेकाळी इराणचे व्यापारी यायचे. इतक्या जवळ असं पोलाद होत होतं, तिथं धारेसाठी टायटॅनियमकडे जायची गरज मला दिसत नाही.

तसंही माझ्याकडे धारेची तलवार मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली धारदार तलवारी विकायला बनवायच्या तर परवाना लागतो. मी पथकांना आणि नाटकवाल्यांना बिनधारेच्या करून देतो. कड २ मिलिमीटर जाड ठेवायची आणि गोल घासायची. धारच नको म्हटल्यावर टायटॅनियमची सगळ्यात मोठी उणीव निघून जाते, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

आता तोल. इथं गिऱ्हाईक आणि मी तासन् तास भांडतो, कारण त्याला ‘हलकी’ हवी असते आणि मला ‘तोलाची’.

टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला ४.४३ ग्रॅम, पोलादाची ७.८५. त्याच मापाचं पातं टायटॅनियमचं केलं तर वजन ५६ टक्क्यांवर येतं. समजा पोलादी पातं ७५० ग्रॅमचं आणि मूठ ४०० ग्रॅमची आहे. पात्याचं वजन मुठीपुढे ३० सेंटिमीटरवर आणि मुठीचं ५ सेंटिमीटर मागे एकवटलंय असं धरा. ही तलवार बोटावर तोलली तर मुठीपुढे सुमारे १८ सेंटिमीटरवर स्थिर राहील. आता मूठ तीच ठेवून पातं तेवढं टायटॅनियमचं करा. पात्याचं वजन सव्वाचारशे ग्रॅम, आणि तोल मागे सरकून १३ सेंटिमीटरवर. दुकानात हातात घेतल्यावर छान वाटते. मैदानात फिरवणारा तक्रार करतो की टोक कुठं आहे ते कळत नाही, हात थांबला की तलवारही थांबते, आणि प्रत्येक फेऱ्याला मनगटानं ढकलावं लागतं.

त्यात हे पातं लवतं. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडाच जास्त. दांडपट्ट्याला ते चालेल, त्याचं पातं लवचीकच हवं. तलवारीला तेवढाच ताठपणा हवा असेल तर पातं सुमारे २० टक्के जाड करावं लागतं, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाड केल्यावर वजन ५१० ग्रॅम होतं. म्हणजे ‘निम्म्या वजनात तेवढीच मजबूत’ हे ऐकायला बरं, खरा हिशेब दोनतृतीयांशाचा.

मग माझं उत्तर ठरलेलं असतं : मूठसुद्धा हलकी करा. ४०० ग्रॅमची मूठ २५० वर आणली की तोल पुन्हा साडेअठरा सेंटिमीटरवर येतो आणि पूर्ण तलवार साडेअकराशे ग्रॅमऐवजी ७६० ग्रॅमची होते. पण गिऱ्हाइकाला तीच पोलादी भरीव मूठ हवी असते, मागे मोठी चकती आणि वर पितळी नक्षी. तिथं आमचं वाजतं.

तोलाचा बिंदू जमला म्हणजे सगळं जमलं असंही नाही. दोन तलवारींचं वजन सारखं, तोल सारखा, तरी एक चटकन वळते आणि दुसरी वळायला मागत नाही. वळताना अंतराचा वर्ग मोजला जातो. मुठीपासून ८० सेंटिमीटरवर ठेवलेले १० ग्रॅम हे २० सेंटिमीटरवरच्या १० ग्रॅमच्या १६ पट अडतात. म्हणून मी पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे सतत उतरवत नेतो, आणि पन्हळ, म्हणजे पात्यावरची लांब खोबण, पाडायची तर मधल्या भागातून. शेवटी मूठ सैल धरून मागच्या चकतीवर तळहाताची थाप मारतो. पातं थरथरतं, पण साधारण दोनतृतीयांश लांबीवर एक जागा जवळजवळ स्थिर दिसते. दुसरी स्थिर जागा मुठीत, बोटांखाली आली पाहिजे. ती पुढे सरकली तर आपटल्यावर हाताला झिणझिण्या येतात. कागदावरच्या गणितापेक्षा माझा या थापेवर जास्त विश्वास आहे.

धातू आपल्या देशातच होतो. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूपासून चवऱ्याला त्याचा स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चा धातू, करतात, आणि हैदराबादला १९७३ साली उभ्या राहिलेल्या मिधानी या सरकारी कारखान्यात मिश्रधातू बनतात. माझ्यासारख्याला लागणारी एखादी पट्टी मात्र मुंबईला गिरगावातल्या व्यापाऱ्याकडूनच आणावी लागते. टेस्ट सर्टिफिकेट घेतल्याशिवाय मी ती उचलत नाही. पातं वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोतानं, कापून घेतो, म्हणजे कडा तापत नाहीत. टायटॅनियममधून उष्णता लवकर निघून जात नाही, घासाल तिथंच साचते. म्हणून ग्राइंडिंगला नवा बेल्ट, कमी वेग, हलका हात. उघड्या हवेत भट्टीत घालून ठोकायचं तर वरच्या थरात ऑक्सिजन शिरतो, तो थर ठिसूळ होतो आणि पुढं तिथूनच तडा जातो. तो घासून काढणं भाग असतं. घण-ऐरणीवर घडवून द्या म्हणणाऱ्यांना मी त्यामुळेच नाही म्हणतो.

घासल्यावर पडणारा बारीक भुसा पेट घेतो, पांढराशुभ्र. त्यावर पाणी मारायचं नाही, आग भडकते. कोरड्या वाळूची बादली बेल्टशेजारी असतेच, आणि नवीन पोराला मी आधी ती बादली दाखवतो, मग मशीन.

पोलादी मुठीला टायटॅनियमचं पातं वेल्ड होत नाही, सांधा काचेसारखा तुटतो. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं. तीच रीत मी ठेवतो आणि जोडीला एक आरपार रिव्हेट.

रंगाची हौस असेल तर ती भागते. सोड्याच्या पाण्यात पातं बुडवून वीज दिली की ३० व्होल्टच्या आसपास निळा आणि ५५ला सोनेरी रंग चढतो. रंगद्रव्य काही नसतं, ऑक्साइडच्या थराची जाडी तेवढी बदलते, आणि पैठणीतल्या धूपछाव रंगासारखं पातं कोनागणिक वेगळं दिसतं. घासल्यावर मात्र तो जातो. नाटकाला चालेल, रोजच्या सरावाला नाही.

आणि पोलादी तलवारीशी ही भिडवू नका. पोलाद याच्या कडेला खाचा पाडतं आणि अशा खाचेतूनच टायटॅनियम पुढं चिरत जातं. लढतीचे डाव पोलादावरच खेळा. एकट्याने फिरवायला, लहान पोरांना आणि खांदा दुखणाऱ्या वस्तादांना मात्र मी टायटॅनियमच सुचवतो.

खर्च पोलादाच्या कित्येक पट येतो. करून घ्यायचीच असेल तर सध्या फिरवता ती तलवार सोबत आणा, आधी तिचं वजन आणि तोल घेऊ. आणि नवरात्राच्या बरंच आधी या. खंडेनवमीला माझी मशिनं पूजेला असतात, त्या दिवशी कुणाच्याही घाईसाठी बेल्ट फिरत नाही.