खिडकीतले दगड

आज मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला ठाण्यातल्या एका चर्चमध्ये गेले होते. लक्ष मात्र सगळं बाजूच्या रंगीत काचेच्या खिडकीकडे. गुडघे टेकलेला तरुण, अंगावर लाल झगा, पायाशी दगड. संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा. मला आधी ते बटाटे वाटले, खोटं कशाला बोलू!

जवळून पाहिलं. झग्याचा लाल वरून फासलेला नाही, काचच लाल. तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी सांधलेले. चेहरा तेवढा रंगवून भट्टीत भाजतात म्हणे. मधेच ऊन सरकलं आणि तो लाल तुकडा बाळाच्या पांढऱ्या झबल्यावर उतरला. बाळ ढाराढूर.

शेजारच्या काकू पुटपुटल्या, "लांब कशाला जातेस गं, आपल्या ठाण्यातच चौघांना मारलं होतं."

घरी येऊन वाचलं. साल १३२१. तोलेन्तिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघातले. निघाले होते चीनला. पोचल्या त्या अस्थी, ओदोरिक नावाच्या साधूने पुढे समुद्रमार्गे नेलेल्या.

आणि मी इतकी वर्षं पाहुण्यांना ठाण्याचं काय सांगते, तर तलावपाळी आणि मिसळ.